दोनशे चौदा बरण्या

५ जून १९६१, खारडोंगरी

आज केंद्राचा ताबा घेतला. नाव भारदस्त आहे: भात वाण संग्रह केंद्र, खारडोंगरी, जिल्हा कुलाबा. पाटीवर पूर्वी मुंबई राज्य होतं, ते गेल्या वर्षी रंगवून महाराष्ट्र राज्य केलं. रंग कमी पडल्यामुळे मुंबई अजून खालून डोकावते आहे.

इमारत पाहून जीव सुखावला. खाडीच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर पांढऱ्याशुभ्र भिंती, पुढे पुण्याहून आणून लावलेली हिरवळ, कडेने क्रोटनच्या कुंड्या, मधोमध झेंड्याचा खांब आणि कोनशिला. कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव केंद्राच्या नावापेक्षा मोठं आहे, पण त्यांना ते मोटारीतूनच वाचायचं असेल. आत चौदा लोखंडी कपाटं आणि त्यांत काचेच्या दोनशे चौदा बरण्या. दर बरणीत एकेका जातीचं भात, ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत हिंडून १९५५ साली गोळा केलेलं. त्यांतल्या कित्येक जाती आता शेतात कुणी लावतही नाही. उद्या जगबुडी झाली तर कोकणात भाताची सुरुवात माझ्या कपाटांपासून होईल. हा विचार मला फारच आवडला म्हणून लिहून ठेवतो.

निवृत्त होणारे पाध्ये यांनी चार्ज दिला. सात वर्षांत त्यांनी एक नीट मोहर करून घेतलेली नाही. जाताना म्हणाले, "चौलकर, अडलं तर बायजेला विचारत जा." बायजा म्हणजे इथली झाडूवाली, रोजंदारीवर. शिपाई काळूराम तिच्याच आगरी वाड्यातला. झाडूवालीचा सल्ला घेण्याची सूचना मी चार्जच्या यादीत नोंदवली नाही.

चार्जसाठी नियमाप्रमाणे पाध्यांनी गेल्या आठवड्यात उगवण तपासून ठेवली होती. प्रत्येक बरणीतले शंभर दाणे ओल्या टिपकागदावर ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. माझ्याकडे आलेला सरासरी आकडा चौऱ्याण्णव. लोखंडी कपाटांची किमया दुसरी काय.

मी अजून हंगामी आहे. तीन तपासण्या निर्मळ गेल्या की कायम करतील, असं पुण्याच्या मोघे साहेबांनी तोंडी सांगितलंय. तीनच वर्षं, आणि दोनशे चौदा बरण्या. यात बिघडण्यासारखं काय आहे?

११ जून १९६१

चोर सापडला. आठवड्याच्या आत.

सकाळी लवकर गेलो तर कपाटं उघडी, बरण्यांची झाकणं खाली, आणि जमिनीवर फतकल मारून बायजा. पुढे जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या पुड्या. दर पुडीत एका बरणीतलं मूठभर भात आणि ओळखीला एकेक खूण. कुठे शिंपला, कुठे चिंचोका, कुठे दोऱ्याच्या दोन गाठी, कुठे तीन.

मी विचारलं, हे काय चाललंय?

"दरसाल नेते सायेब. पेरते माज्या तुकड्यात. दिवालीला नवा दाना आनून बरनीत भरते. पाध्ये सायबांना म्हायत हाय."

म्हणजे सरकारने हिंडून गोळा केलेला १९५५ सालचा मूळ दाणा या बरण्यांत उरलेलाच नाही. सहा वर्षं ही बाई सरकारी दाणा बाहेर नेते आणि आपल्या शेतातला आत भरते. इतकी मोठी अफरातफर मी सरकारी नोकरीत ऐकली नव्हती. पुड्या जप्त केल्या आणि ज्याचं त्याच्या बरणीत परत घातलं. (खुणा तिलाच विचाराव्या लागल्या. तिने एकही चुकवली नाही, हे खरं.) तिला कामावरून कमी केलं. वर कळवलं नाही. तपासणीच्या कागदावर पहिल्याच महिन्यात डाग कशाला?

तिने हुज्जत घातली नाही. पायरीवरून मागे वळून एवढंच विचारलं, "मंग तुमी कुठं पेरनार?"

मी शांतपणे समजावलं, बायजाबाई, हे संग्रह केंद्र आहे. इथे पेरायचं नसतं. जपायचं असतं.

माझं हे वाक्य मलाच इतकं पटलं की दुपारी ते सुवाच्य अक्षरात लिहून कपाटावर चिकटवलं.

२ जुलै १९६१

चार दिवस झड लागली आहे. शेतं पाण्याने भरली, कपडे वाळत नाहीत, मीठ पाघळतं, काडेपेटी पेटत नाही. बाहेर जाता येत नाही म्हणून मोहरा करायला घेतल्या. बरणीत डांबराच्या दोन गोळ्या, वर बूच, बुचावर लाख, लाखेवर शिक्का. बोटं पोळली, पण काम देखणं झालं.

काळूराम दारात उभा राहून म्हणाला, "सायेब, बायजा सांगत व्हती, पावसाल्यात तोंड बांदू नका. दाना ओल खातो. पयलं उन्हं द्यावी लागतात, मंग पेंढ्याच्या मुडीत बांदून चुलीवर टांगायचं, धुरात."

मी विचारलं, मग सरकारने चौदा कपाटांऐवजी चौदा चुली बांधायला हव्या होत्या का?

तो म्हणाला, "तसं न्हाय म्हनत मी." पण म्हणत होता तसंच.

९ सप्टेंबर १९६१

पाध्यांचा एक प्रस्ताव १९५७ पासून पडून होता, केंद्राला पेरणीसाठी तीन एकर जमीन द्यावी असा. तो मला निरर्थक वाटतो, पण बाकी राहिलेली बाब म्हणून एक स्मरणपत्र धाडलं होतं. आज उत्तर आलं. जुलैच्या पुरात पुण्याची कागदपत्रं वाहून गेली, सबब प्रस्ताव नव्याने पाच प्रतींत पाठवावा. पुराने पुण्याचं फार नुकसान केलं यात शंका नाही. पण आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे.

सोबत एक मंजुरीही आली. हिरवळ आणि कुंड्यांसाठी 'उद्यान' या शीर्षाखाली दरसालची रक्कम, आणि माळ्याची एक जागा. कायम. म्हणजे या केंद्रात माझ्याआधी माळी कायम होणार. तो अजून नेमायचाय.

१७ मार्च १९६२

पहिली तपासणी. मोघे साहेबांनी बरण्या मोजल्या, दोनशे चौदा भरल्या. दहा-बारा मोहरांवरून बोट फिरवलं. नंतर हिरवळीवर खुर्च्या टाकून शहाळी. शेरा: "संग्रह अत्यंत नीटनेटका. मोहरा अभंग." मी तो शेरा तीनदा वाचला.

उगवण एकाहत्तर निघाली. टिपकागद या वेळी दुसऱ्या दुकानातून आणले होते, त्याचाच परिणाम. साहेबांनी आकडा विचारला नाही. रकाना भरायला सांगितला, मी 'समाधानकारक' भरला. चाचणीसाठी फोडलेल्या मोहरा संध्याकाळपर्यंत पुन्हा केल्या.

४ डिसेंबर १९६२

चीनच्या लढाईमुळे काटकसरीचं परिपत्रक. लाख बंद, टिपकागद निम्मे. नव्याने पाच प्रतींत पाठवलेला जमिनीचा प्रस्ताव परत आला. समासात कुणीतरी लिहिलंय, "देशावर संकट असताना भात पेरण्याची ही वेळ नव्हे." मी हे वाक्य काळूरामला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खरं हाय. लडाईत कोन जेवतं?"

'उद्यान' शीर्षाला हात लागलेला नाही. क्रोटनला नवं खत आलं.

२० जून १९६३

गावात सुधारित पांढऱ्या भाताचं बियाणं वाटलं. आमच्याच खात्याने. मीही दोन दिवस मदतीला होतो आणि भाषण केलं. खारडोंगरीची शेतं खाडी अडवून काढलेली, जमिनीत मीठ. तिथे बापजाद्यांपासून काळकुसळ हे एकच भात लावतात. दाणा तांबडा, कुसं काळी, शिजायला वेळ खाणारं, पण खाऱ्या पाण्याला न हटणारं. शिवदास म्हात्रे हा बांधाचा पंच, बांधाची डागडुजी सगळ्या गावाकडून करून घेणारा. तो म्हणाला, "सायेब, पांडरं चांगलं हाय, पन बांद फुटला तर?" मी म्हटलं, बांध फुटला तर काळकुसळ कुठे जातंय? बरणी क्रमांक सत्याऐंशी, माझ्याकडे लाखबंद आहे. बिनघोर पांढरं पेरा.

त्यांनी पेरलं. घरातलं जुनं बियाणं भरडून खाल्लं. मी शब्द दिला होता ना.

मार्चच्या दुसऱ्या तपासणीला यंदाची उगवण तेवीस. कागद तेच, पाणी तेच. मला वाटतं काळूराम हात न धुता दाणे मांडतो.

७ ऑगस्ट १९६३

परवा नारळी पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड पडली. दुपारची भरती, वरून वारा. सगळं गाव बांधावर. पुरुष चिखलाचे गोळे लावताहेत, बाया पेंढा पुरवताहेत, आणि पाणी त्यांच्या पायांतून निघून शेतात शिरतंय. मी छत्री घेऊन उभा होतो. एक बाई पाटी डोक्यावर घेऊन जाताना म्हणाली, "सायेब, बाजूला व्हा." दिवसभरात माझा उपयोग झाला तो एवढाच.

पांढरं भात दोन दिवसांत करपलं. विस्तवावर धरल्यासारखं.

आज शिवदास चार माणसं घेऊन आला. "जमनीत मीठ शिरलं. आता काळकुसळच पायजे. तुमच्याकडं हाय म्हनला व्हता. मूठभर असंल तरी वाडवू."

मी त्यांना आत नेऊन बरणी दाखवली. कुणी हात लावला नाही. शिवदासने टोपी काढली.

१४ ऑगस्ट १९६३

सत्याऐंशीची मोहर फोडून शंभर दाणे ओले केले होते. पाच दिवस झाले, एकाला मोड नाही. बरणीत नाक घातलं तर कुबट वास, दाणे बुडाशी चिकटलेले.

सोबत सगळ्याच बरण्यांतले दाणे मांडले होते. मी एकट्याने, हात धुऊन. तीन बरण्यांत मिळून पाच दाणे उगवले, तेही दुसऱ्या दिवशी सडले. बाकी काही नाही.

चौलला आमचे वडील सुपारीला चाळीस उन्हं दिल्याशिवाय पोतं शिवत नाहीत. पावसाची एक सर आली तर पोतं पुन्हा उसवतात. लहानपणी सुपारी वाळत घालून माझी पाठ मोडायची. आणि मी भर जुलैच्या झडीत दोनशे चौदा बरण्यांची तोंडं लाखेने बुजवली. बोटं पोळेपर्यंत. बायजा चोरी करत नव्हती. ती होती म्हणून चौऱ्याण्णव होते.

मी हे भात मारलं. दुसरा शब्द सापडत नाही.

१५ ऑगस्ट १९६३

झेंडावंदन. गाव जमलं होतं. भाषण पूर्वीच लिहून ठेवलेलं, "या कपाटांतला अमर ठेवा" वगैरे. वाचताना 'अमर' शब्दाशी ठसका लागला. काळूरामने पाणी आणलं. शिवदासने टाळ्या वाजवल्या, त्याचं पाहून बाकीच्यांनी.

सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मार्चमध्ये तिसरी तपासणी आहे.

२० मार्च १९६४

तिसरी तपासणी. साहेब आले, बरण्या मोजल्या, दोनशे चौदा. फोडलेल्या मोहरा मी पदरच्या लाखेने पुन्हा केल्या होत्या. शेरा: "आदर्श केंद्र." कायम होण्याची शिफारस जाणार. घरी पेढे न्यावेत असं मनात आलं, पण गेलो नाही.

६ मे १९६४

शिवदास आला. हातात नवं सूप, शेणाने सारवून वाळवलेलं. बियाणं न्यायचं तर रिकाम्या हाताने येत नाहीत, अशी इथली रीत. निम्मं गाव आठ महिने मिठागरांवर राबून आलंय. यंदा भात नाही झालं तर उरलेलंही मुंबईला जाईल, असं म्हणाला.

मी सांगून टाकलं. सगळं. मोहरा, पाऊस, शंभरातले शून्य. म्हटलं, शिव्या दे.

त्याने शिव्या दिल्या नाहीत. सूप काखेत मारलं. "मंग बायजेकडं जावं लागंल," एवढंच म्हणाला. काळूराम मान डोलावत होता. या दोघांना हे केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे. माझ्या तोंडून येण्याची वाट पाहत असावेत.

९ मे १९६४

रेवदंड्याच्या खाडीकाठी बायजेच्या भावाचं घर. रोजंदारी गेल्यावर तुकड्याचा खंड भरता येईना म्हणून ती इथे आली होती. मी, शिवदास, काळूराम. एसटीने आणि पुढे चालत. ती अंगणात बांबूची सुपं विणत होती. मला पाहून उठली नाही, पण काळूरामला म्हणाली, "सायबांना पानी दे."

आत चुलीवर, धुराने काळ्या झालेल्या वाश्यांना पेंढ्याच्या मुड्या टांगलेल्या. मोठी एक आणि बाकीच्या नारळाएवढ्या. दर मुडीला खूण. शिंपला, चिंचोका, गाठी. मी ओळखल्या. १९६१ ला मी पुड्या हिसकावल्या तेव्हा तिच्या घरी आदल्या सालचं अर्धं बी होतं. ती अर्धं नेहमीच घरी ठेवायची. म्हणाली, "सरकारचा काय भरोसा."

शिवदासने सूप पुढे ठेवलं. तिने विचारलं, "कुठं पेरशील?"

"बांदाच्या आतल्या अंगाला, खांडीपासून तिसरं शेत. माज्या बापाचं."

"आवनी-लावनी कोन करंल?"

"घरची सात मानसं."

तिने मोठी मुडी उतरवली आणि सूप भरलं. काळकुसळ. तांबडा दाणा, वाजणारा. शिवदासने सुपाला हात लावून डोक्याला लावला. पीक आल्यावर नेलंय त्याच्या सव्वापट परत द्यायचं, हे कुणी बोललंही नाही.

मग मी म्हटलं, बायजाबाई, बाकीचं केंद्राला द्या. झालं ते चुकलं माझं.

ती म्हणाली, "कुठं पेराल?"

मी सांगू लागलो की जमिनीचा प्रस्ताव आता नव्याने सात प्रतींत पाठवलाय.

"मंग ठेवनार कुठं?"

कपाटात, मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"बरनीला भूक लागली कं सायेब?"

काळूराम हसला. मी हसलो नाही. तिने मुड्या पुन्हा वाश्याला बांधल्या. बांधता बांधता सांगितलं की भावाच्या बांधावरच्या पट्टीत जेवढं मावलं तेवढं तिने तीन साल जगवलं. एकसष्ट जाती. बाकीच्या गेल्या, जागा पुरली नाही. आणि यंदा भाऊ ती पट्टीही देत नाही, त्याला पोराचं घर बांधायचंय. म्हणजे या जून महिन्यात मातीत पडल्या नाहीत तर याही एकसष्ट जाणार.

परत येताना चौलचा फाटा लागला. घरी उतरलो नाही.

१३ जून १९६४

बायजा काळूरामबरोबर केंद्रावर आली. मीच निरोप धाडला होता, काही मार्ग काढू म्हणून. मार्ग काही निघाला नव्हता. ती पायरीवर बसली आणि हिरवळीकडे बघत राहिली.

"इथं काय पिकतं?"

काही नाही, मी म्हटलं. शोभेसाठी आहे.

"पानी कोन देतं?"

सरकार. त्याला अनुदान आहे.

"आनि मानूस?"

माळ्याची जागा आहे. तीन वर्षं रिकामी.

तिने पायरीलगतची माती उचलून बोटांत चोळली. आणि एवढ्यात मला एकाएकी एक कल्पना सुचली. कुठून सुचली देव जाणे. अशा अडचणीच्या वेळी माझं डोकं चालतं हे आज कळलं.

१८ जून १९६४

हिरवळ खणली. पुण्याची हिरवळ खणायला कुदळीला मुळीच त्रास होत नाही. कुंड्या मागे नेल्या. चहूबाजूंनी वरंबा घातला, पाणी तुंबवलं, चिखल केला. काळूराम, शिवदासचे दोन भाऊ आणि मी. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. बायजा म्हणाली, "वर घ्या अजून." घेतली.

एकसष्ट वाफे. बायजेने दर वाफ्याच्या डोक्याशी खूण पुरली, मी फळीवर नाव लिहिलं. बी देण्याआधी तिने विचारलं, सगळ्यांसमोर, जसं शिवदासला विचारलं होतं तसं. मी म्हटलं, बागेत, झेंड्याच्या खांबाच्या उजव्या अंगाला. मग तिने माझ्या ओंजळीत बी घातलं.

उद्यानाच्या नोंदवहीत नोंद केली: "शोभेची हंगामी झाडे, प्रकार ६१." खोटं नाही. शोभतातच. माळ्याच्या जागेवर बायजेची नेमणूक केली. कायम.

१० ऑक्टोबर १९६४

शिवदासच्या शेतात काळकुसळ उभं आहे. बाकीच्या शेतांत नुसतं मिठाचं पांढरं. त्या एका शेताभोवती रोज माणसं जमतात, बघतात आणि जातात. पुढल्या वर्षी त्यातून वीस घरांना बी मिळेल असं तो म्हणतो.

बागेत एकसष्टपैकी एकसष्ट लोंब्यांवर आल्या. कुणी उंच, कुणी बुटकी, एक जांभळ्या पानाची, एक वासाची. वाऱ्यावर तो वास टेबलापर्यंत येतो. सहा बाय तीनच्या टेबलाशी बसून मी तीन वर्षं यांची यादी करत होतो आणि यांतली एकही मी पाहिली नव्हती.

१२ नोव्हेंबर १९६४

मोघे साहेब अचानक. कापणी होऊन धसकटं उरलेली. "चौलकर, हिरवळ कुठाय?" मी नोंदवही पुढे केली. त्यांनी शीर्ष पाहिलं, रक्कम पाहिली, दोन्ही जुळलं. मग त्यांची काही तक्रार राहिली नाही.

जानेवारीत दिल्लीला मोठं प्रदर्शन आहे, देशाची बीजसंपत्ती. साहेबांना केंद्राचा संग्रह तिथे न्यायचाय. माळ्याच्या खोलीत चुलीवर टांगलेल्या मुड्या त्यांना दिसल्या. "हे ताजं दिसतंय. बरण्यांत भरा, लाखबंद करा, मी नेतो. तुमच्या कायमचं तिथूनच उरकून आणतो."

बायजा सूप पाखडत होती. तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं नाही, विचारलंही नाही. ती विचारेल म्हणून मी थांबलो होतो. मग मीच विचारलं.

साहेब, कुठे पेराल?

"पेरायचं?" साहेब म्हणाले. "अहो, मांडायचंय."

मी त्यांना आत नेलं आणि चौदाही कपाटं उघडून दिली. म्हटलं, मांडायला हेच योग्य. साहेबांनी मोहरा तपासल्या. सगळ्या अभंग. दोनशे चौदा बरण्या पेंढ्यात बांधून ट्रकमध्ये चढवल्या. साहेब फार खूश होऊन गेले. चिठ्ठ्यांवरची नावं मी आधी वहीत उतरवून घेतली होती.

२२ फेब्रुवारी १९६५

तार आली. प्रदर्शनात आमच्या बरण्यांना पहिलं बक्षीस. मागोमाग हुकूम: दत्तात्रेय गणेश चौलकर यांस उत्कृष्ट जतनाबद्दल कायम करण्यात येत आहे.

एकशे त्रेपन्न जाती माझ्या हातून मेल्या, आणि त्याबद्दल मी कायम झालो. पेढे आणवले नाहीत.

दुपारी बायजेला सव्वापट बी मोजून परत दिलं. तिने ते सुपात घेतलं, चाळलं, दोन खडे काढून टाकले. मग मी वहीतली गेलेल्या जातींची नावं वाचू लागलो. का ते माहीत नाही. कुणाला तरी वाचून दाखवावीत असं वाटलं. तिसऱ्या नावाला तिने थांबवलं.

"ती नीराबाईची. पालीकडं दिली हाय ती. तिची सून लावत असंल अजून."

पुढचं वाचलं.

"ती न्हाय म्हायत."

पुढचं.

"ती दिवेआगरच्या गोदूची. वाडीत, माडाखाली लावायची. म्हातारी हाय का बगावं लागंल."

संध्याकाळपर्यंत वाचत होतो. एकोणतीस नावांना तिने घर सांगितलं, बाकीच्यांना मान हलवली. मान हलवल्यावर मी त्या नावापुढे काही लिहीत नव्हतो. ती जागा मोकळीच ठेवत होतो.

महिनाभराची रजा टाकली आहे. कायम माणसाला ती मिळते. काळूरामने सूप सारवून उन्हात ठेवलंय. सोमवारी पालीपासून सुरुवात. विचारतील ते ठाऊक आहे, उत्तरही तयार आहे: बागेत, झेंड्याच्या खांबाच्या डाव्या अंगाला. तिथली हिरवळ आज खणून घेतली.